बोर्नव्हिटाच्या डब्यातल्या अकरा गोळ्या (असई, 1803)

केळणाकाठ
नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

जालन्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने उधारीपोटी एक बंद पडलेला मेटल डिटेक्टर आणून टेबलावर ठेवला. "पैशाचं काही खरं नाही, हे ठेवून घ्या." कॉइलची वायर आतून तुटली होती, बाकी मशीन ठणठणीत. दुरुस्त केला आणि शौक लागला. 1803 मध्ये इंग्रज आणि शिंद्यांची लढाई झाली ते असई, मामाचं गाव त्याच्या शेजारी, केळणा नदीच्या काठाला. रविवार मोकळा मिळाला की मोटरसायकल काढायची, मशीन पोत्यात गुंडाळायचं आणि मामाच्या वावरात जायचं.

शौक म्हटलं तर शौक, नाहीतर निव्वळ कचरा वेचणं. पहिल्या सहा महिन्यांत काय सापडलं सांगतो: गुटख्याच्या पुड्यांची चंदेरी, बाटल्यांचे बिल्ले, ट्रॅक्टरचे नट, फवारणीच्या औषधाच्या पाकिटांचे तुकडे, आणि बैलाच्या पत्र्या, म्हणजे खुराला ठोकायचे नाल. पत्र्या तर इतक्या की मामाने पोतं भरून भंगारवाल्याला दिलं. त्यात काळ्या रानाखाली मुरूम आणि काळा दगड. दगडातच लोहाचा अंश, त्यामुळे मशीन उगाच किंचाळतं. दर पाच पावलांवर ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीन जमिनीशी जुळवून घेणं, नव्याने लावावा लागतो.

मग एका रविवारी बिल्ल्यासारखाच आवाज आला, मधल्या पट्टीतला. वीतभर खाली चुनखडीच्या खड्यासारखं पांढरं काहीतरी. उचललं आणि हाताला वजन लागलं. शिशाची गोळी!

तेव्हापासून अकरा झाल्या. सोनाराच्या काट्यावर आणि व्हर्नियरने मापल्यात. सहा गोळ्या 17.2 ते 17.6 मिलिमीटर, वजन 31 ग्रॅमच्या आसपास. तीन लहान, 16 मिलिमीटर, 24 ग्रॅम. दोन चपट्या, त्यातली एक तर अगदी अंगठा दाबलेल्या पेढ्यासारखी. शिवाय लिंबाएवढी लोखंडाची एक, पापुद्रे सुटलेली. सगळ्या बोर्नव्हिटाच्या डब्यात ठेवल्यात. फोटो टाकतो. या नक्की कुणाच्या? इंग्रजांच्या की शिंद्यांच्या?

भटक्या_मराठवाडी
दादा, अंगावर काटा आला! आमच्या मातीत इतिहास असा पडलेला आहे आणि आपण तो बघायला परदेशी म्युझियममध्ये तिकीट काढतो. अजून फोटो टाका.

तोफखाना
वा. आधी गोळ्यांचं बोलू.

17.5 मिमीच्या आसपासची गोळी म्हणजे कंपनी सरकारच्या फौजेतल्या 'ब्राउन बेस' मस्केटची गोळी असू शकते. त्या बंदुकीची नळी 19 मिमीची, गोळी मुद्दाम लहान, कारण काळ्या दारूची काजळी नळीत साचली तरी ती खाली जायला हवी. एका पौंड शिशात साधारण चौदा गोळ्या, म्हणजे 32 ग्रॅमची एक. तुमचं 31 ग्रॅम बरोबर जमतं. दोनशे वर्षांत वरचा थर झडला असणार. 16 मिमीची गोळी फ्रेंच घाटाच्या बंदुकीला चालते. द बॉयन या युरोपियन सरदाराने उभ्या केलेल्या शिंद्यांच्या कंपूंकडे, म्हणजे कवायती पलटणींकडे, त्या घाटाच्या बंदुका होत्या.

पण थांबा, लगेच 'मोठी ती गोऱ्यांची, लहान ती आपली' अशी वाटणी करू नका. 23 सप्टेंबर 1803 ला दोन्हीकडचे शिपाई बरेचसे एकाच मुलखातले होते आणि शस्त्रंही सरमिसळ. शिंद्यांच्या पायदळावर पोलमन, तो हॅनोव्हरचा. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, त्याच्या फौजेत 74 वी आणि 78 वी हायलंडर पलटण सोडली, तर पायदळातले बाकी सगळे मद्रासकडचे शिपाई. शिवाय लहान गोळी घोडेस्वाराच्या कार्बाइनची किंवा पिस्तुलाचीही असू शकते.

मला मापापेक्षा आकारात जास्त रस आहे. अख्खी गोल गोळी म्हणजे बहुधा न उडालेली: घाईत हातातून पडली, किंवा पडलेल्या शिपायाच्या पोतडीतून सांडली. चपटी म्हणजे उडून कशावर तरी आदळलेली. गोल गोळ्या जिथं जास्त तिथं बंदुका भरणारे उभे होते, चपट्या जिथं जास्त तिथं मार खाणारे. तुमच्या नऊ गोल आणि दोन चपट्या. वावरात कोणती कुठं होती?

मी_उदगीरकर
ओ केळणाकाठ, शिसं कशाला दाखवायलाव, हंडा कधी निगायलाय ते सांगा 😄
आमच्याकडं मशीनवाला माणूस दिसला की पैला प्रश्न, "पायाळू हाव का?" लई लोकं गुप्तधनाच्या नादात रानं इकून बसलेत बगा. पिस्तुलासारखी दांडी घेऊन एक जण आलता गावात, म्हणला एक किलोमीटरवरून सोनं दाखवतंय. सरपंचाच्या कानातल्या भिकबाळीवर फिरवून बगितली तर दांडी हाललीच न्हाई.

बाकी इतिहास आमच्याबी रानात हाय. 3 फेब्रुवारी 1760, भाऊसाहेब आन् इब्राहिमखान गारदी. निजामाला इथंच वाकवलंय. पन आमी मशीन न्हाई लावत.

केळणाकाठ
उदगीरकर, हसवलंत. पण ते गुप्तधनाचं प्रकरण मला भोवलंय, सांगतो नंतर.

तोफखाना, फार आभार. कोणती गोळी कुठं होती हे… आता नक्की नाही सांगता यायचं. सगळं मामाच्या साडेतीन एकरात, एवढंच खरं.

अजून एक. मामाची आई सांगायची की नदीवरचे भोई लोक रानात सापडलेलं शिसं मागून न्यायचे आणि ठोकून जाळ्याच्या कडेला लावायचे. म्हणजे या गोळ्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या सापडतच आल्यात, आपण काही पहिले नाही.

कोर्टकचेरी
आनंदावर विरजण टाकतोय, पण कुणीतरी टाकायलाच हवं.

एक, 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा, सरकारी मराठीत निखात निधी. जमिनीत सापडलेली वस्तू दहा रुपयांहून जास्त किमतीची असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठं सापडलं, कधी सापडलं. वस्तू जमा करायची किंवा जामीन द्यायचा. लपवलं तर सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जागेच्या मालकाने साथ दिली असेल तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे मामाही अडकू शकतो.

दोन, रीतसर कळवलं, कुणी मालक पुढे आला नाही आणि आपसात वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं, एक चतुर्थांश जागेच्या मालकाचं. सरकारला वस्तू हवी असेल तर ती मूळ धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन घेऊ शकतं. म्हणजे कायदा लुबाडणारा नाही, लोकांनी तो वाचलेलाच नसतो.

तीन, संरक्षित स्मारक किंवा पुरातत्त्व स्थळ असेल तर परवान्याशिवाय उकरणं म्हणजे सरळ गुन्हा. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. दौलताबाद, नळदुर्ग, परंडा, कंधार असल्या किल्ल्यांच्या आसपास मशीन घेऊन फिरायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो इथंच सोडा.

चार, शंभर वर्षांवरच्या वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतात. देशाबाहेर पाठवणं खाजगी माणसाला बंद. परदेशी संकेतस्थळावर विकायला टाकाल तर फसाल.

तोफखाना
गंमत म्हणून हिशोब: भंगारात शिशाची एक गोळी पाच-सहा रुपयांची. दहा रुपयांच्या आत!

कोर्टकचेरी
आणि अकरा गोळ्यांची बेरीज? शिवाय असईची गोळी म्हणून तिला जी किंमत येईल ती भंगाराच्या भावाने कोण धरेल? लढाईत पडलेली गोळी 'जमिनीत दडवलेली' धरायची का, यावर दोन वकील महिनाभर भांडू शकतात. तुम्ही कशाला त्यात पडता. एक साधा अर्ज द्या आणि मोकळे व्हा.

रानजाई
मी पुरातत्त्व शिकले, आता शाळेत इतिहास शिकवते. केळणाकाठ दादा, रागावू नका, पण तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मला टोचलं: "सगळ्या बोर्नव्हिटाच्या डब्यात ठेवल्यात."

दोन उदाहरणं देते. अमेरिकेत मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्नची लढाई 1876 ची. कस्टरची तुकडी कापली गेली, सांगायला कुणी उरलं नाही, म्हणून शंभर वर्षं नुसत्या दंतकथा. 1983 मध्ये तिथलं गवत वणव्यात जळालं आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्ववाल्यांनी हौशी मशीनवाल्यांनाच हाताशी धरलं. एका ओळीत चालायचं, आवाज आला की झेंडी रोवायची, उचलायचं नाही. मागून दुसरी टोळी येऊन जागा मोजणार, मगच वस्तू उचलणार. प्रत्येक बंदुकीची सुई काडतुसाच्या बुडाला वेगळी खूण उठवते. त्या खुणा जुळवल्या आणि एकच बंदूक या टेकाडावरून त्या टेकाडाकडे कशी सरकली ते नकाशावर उमटलं.

दुसरं बॉसवर्थ, इंग्लंड, 1485. जिथं लढाई झाली म्हणून दगड-पाट्या लावल्या होत्या, तिथून दोनेक मैल बाजूला रणभूमी निघाली. कशावरून? मशीनने शोधलेले तीसहून जास्त तोफगोळे आणि एक चांदीचं रानडुकराचं चिन्ह. राजा तिसऱ्या रिचर्डच्या माणसाचं. एकेकटा गोळा कुणाच्याही माळ्यावर पडलेला असता तर तो गोळाच राहिला असता.

असईचंही असंच आहे. वेलस्लीने पिंपळगाव आणि वरूड ही समोरासमोरची गावं पाहून ताडलं की मध्ये नदी पायी ओलांडायचा उतार असणारच, आणि तिथून केळणा ओलांडली. त्याला वाटलं मराठ्यांची बगल सापडली. पोलमनने मात्र अख्खी फळी वळवून केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मध्ये त्याच्या तोंडासमोर उभी केली. 74 वी पलटण आणि पिकेट, म्हणजे पहाऱ्याच्या तुकड्या, असई गावाकडे भरकटली आणि तोफांनी भाजून निघाली. इंग्रजांचे मेलेले-जखमी-हरवलेले मिळून 1584, नदी ओलांडलेल्या साडेचार हजारांपैकी. हे सगळं आपण एकाच बाजूच्या पत्रांवरून सांगतो. मराठ्यांच्या गोलंदाजांनी लिहून ठेवलेलं किती आहे आपल्याकडे? त्यांचा कागद म्हणजे हीच माती. गोळी कुठं पडली हा त्यातला मजकूर, आणि तो डब्यात भरता येत नाही.

केळणाकाठ
ताई, रागावलो नाही. तुमचं वाचून दुकानात बसल्या बसल्या डबा उघडला आणि एकेक गोळी हातात घेऊन आठवत बसलो. पेढ्यासारखी चपटी आंब्याखालची, हे पक्कं, कारण तेव्हा मामी चहा घेऊन आली होती. पहिली विहिरीच्या वरच्या अंगाला. तिसरी-चौथी एकाच दिवशी. बाकीच्यांचं काहीच नाही. सात गोळ्या सरळ मुक्या करून टाकल्या मी.

नळदुर्गची_लेक
विषय जरा पुढच्या काळात नेते. आमच्या घरी आजोबांच्या पेटीत पितळी काडतुसाच्या रिकाम्या नळ्या आहेत, दोन. आजोबांनी एक शाईच्या पेनाला टोपण म्हणून वापरलेली. बुडावर 'के' आणि 'एफ', मध्ये बाणाची खूण, आणि '43'. 13 सप्टेंबर 1948 ला, पोलीस ॲक्शनमध्ये, सोलापूरकडून भारताची फौज निजामाच्या हद्दीत आली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, तेव्हाच्या का या?

तोफखाना
ताई, के-एफ म्हणजे खडकीचा कारखाना, 43 हे साल. नळी 56 मिमी लांब असेल आणि बुडाला कड असेल तर ती .303 ची. 1943 ची गोळी 1948 मध्ये उडवणं अगदी शक्य आहे. पण कुणी उडवली? फौजेने, निजामाच्या सैन्याने, रझाकारांनी, की सरहद्दीवरच्या मुक्तिसंग्रामाच्या कॅम्पातल्या पोरांनी? .303 सगळ्यांकडे असू शकत होती. आजोबांना त्या कुठं सापडल्या हे घरात कुणाला माहीत आहे का?

नळदुर्गची_लेक
आत्याला माहीत असेल. ती 84 वर्षांची आहे. आज संध्याकाळीच फोन करते.

कोर्टकचेरी
रिकामी नळी ठीक. भरलेलं काडतूस कुणाला सापडलं तर घरात आणू नका. परवाना नसताना जिवंत काडतूस बाळगणं शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, "इतिहास आहे साहेब" म्हणून सुटका नाही. जागेवरच ठेवा, पोलिसांना कळवा.

जुन्या तोडेदार बंदुकीचं वेगळं. दुरुस्त करूनही जी उडू शकत नाही अशा जुनाट हत्याराला त्या कायद्यात सूट आहे. पण ते 'उडू शकत नाही' हे तुम्ही ठरवायचं नाही.

पोलादी_जालना
लोखंडी गोळ्याबद्दल कुणी बोललंच नाही. भंगाराच्या धंद्यात माझी वीस वर्षं गेली, जरा ऐका.

गावोगाव 'तोफेचा गोळा' म्हणून जे दाखवतात त्यात तीन गोष्टी असतात. शाळेतल्या गोळाफेकीचा गोळा, तो 4 किलो नाहीतर सव्वासात किलो, अगदी गुळगुळीत. बॉल मिलमधला गोळा, म्हणजे सिमेंट किंवा खनिज दळायच्या पिंपातला. हा पण गोल, झिजून चकचकीत. आणि खरा. खरा ओतीव असतो, बहुतेकदा साच्याची शिवण अंगावर दिसते, गंजून पापुद्रे सुटतात. सहा पौंडी असेल तर व्यास 9 सेंटिमीटरच्या जरा आत, वजन पावणेतीन किलोच्या आत-बाहेर. तुमची लिंबाएवढी गोळी तोफेतून डबाभर एकदम उडवायच्या छर्ऱ्यातली असू शकते, किंवा बॉल मिलमधलीही. पापुद्रे म्हणताय म्हणून मी पहिल्यावर पैज लावीन.

आणि खरं सांगू? जालन्याच्या भट्ट्यांत गावागावाचं भंगार येतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. शिंद्यांचे किती गोळे कुणाच्या स्लॅबमध्ये बसलेत, देव जाणे. आता वाटतं, तेव्हा काटा करताना नजर टाकायला हवी होती.

भटक्या_मराठवाडी
गोळ्या चकचकीत कशा करायच्या? पितांबरी चालेल का? की चिंच?

रानजाई
नको!! काहीच लावू नका. तो पांढरा थर म्हणजे शिशाचं कवच आहे, आतलं शिसं त्यानेच टिकतं. आंबट काहीही लागलं की ते कवच विरघळतं. घासलेली भुकटी पोटात गेली तर विष, त्यामुळे हात धुवा आणि मुलांपासून लांब ठेवा. लाकडी पेटीतही ठेवू नका, लाकडातून आम्लाची वाफ सुटते आणि शिसं खाते. साधी प्लास्टिकची झिपवाली पिशवी, आत नंबराची चिठ्ठी. झालं.

तोफखाना
आणि गोळा पोकळ असला तर त्याला हातोडी, ड्रिल, ग्राइंडर यांतलं काही लावू नका. पोकळ गोळ्यात दारू भरलेली असते आणि काळी दारू कोरडी राहिली तर शतकांनंतरही पेटते. 2008 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात यादवी युद्धातला गोळा साफ करताना एक अनुभवी संग्राहक जागीच गेला.

केळणाकाठ
आता ते गुप्तधनाचं. मार्चमध्ये गहू निघाल्यावर मी एकटाच वावरात होतो. हेडफोन कानात, मान खाली. वर पाहिलं तर बांधावर पंधरा-वीस माणसं. एकाच्या हातात काठी. "काय काढायला रे?" मी गोळी दाखवली. कुणाचा विश्वास बसेना. शिशासाठी कोण माणूस उन्हात मरतो? मामा आला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी गावात बातमी: अमक्याच्या भाच्याला हंडा लागला. तिसऱ्या दिवशी एक भगत घरी हजर, अमावास्येला पूजा घालू म्हणाला, कोंबड्यापासून पुढे बरंच काही. मामाने त्याला जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव सांगून हाकललं. पण मामी अजून धसका घेऊन आहे. रात्री कुणी येऊन रान खोदेल म्हणून.

खरं तर हा धागा काढायचं एक कारण तेच. मशीन महिनाभर माळ्यावर टाकलंय.

मी_उदगीरकर
दादा, मी मस्करी केलती, वाईट नका वाटून घेऊ. हे डोक्यातच आलं न्हाई माझ्या.

रानजाई
मशीन माळ्यावरच राहू द्या. उकरूही नका. जूनमध्ये पहिला पाऊस पडून माती धुपली की नुसत्या डोळ्यांनी पाहा. काळ्या मातीवर पांढरं शिसं दिसतं. दिसलं की हात लावायच्या आधी तिथं खूण करा, मोबाइलवर जागेचे आकडे घ्या, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा, मग पिशवीत. गट नंबर लिहा. आणि त्याआधी कोर्टकचेरी म्हणतात तो अर्ज.

तेरचं संग्रहालय पाहिलंय का कुणी? रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात, शेतात सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जपल्या, आज तो सरकारी संग्रह आहे. सातवाहनांच्या तगर नगरीची ओळख त्यातून होते. पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

केळणाकाठ (दीड महिन्यानंतर)
मंडळी, धागा वर काढतोय.

अर्ज दिला. त्याचं नंतर सांगतो.

मृगाच्या आधी एक जोरदार वळीव झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी, मामा आणि मामाचा नातू, तिघं दोन-दोन हातांवर ओळीने चाललो. मशीन नाही, फावडं नाही. खुणेला तुराट्या, टोकाला लाल चिंधी. पांढरं दिसलं की नातू ओरडायचा आणि दहांतले नऊ वेळा चुनखडीचा खडा निघायचा. मग त्यालाच युक्ती सुचली: काडीने हळूच ढकलायचं. चुनखडी लगेच घरंगळते, शिसं जड, जागचं हलत नाही.

दोन सकाळींत पाच गोळ्या. चार वरच्या बांधाला जुन्या पाणंदीच्या कडेने जवळपास एका रेषेत, एक खाली विहिरीजवळ. चारही अख्ख्या गोल, 17 मिमीच्या वरच्या. मोबाइलवर ते चार ठिपके उमटले तेव्हा मामा नुसता बघत राहिला. "इथं उभे व्हते म्हनायचं?"

तोफखाना
सुंदर! पण पाय जमिनीवर ठेवू. पाणंदीची कड नांगरात येत नाही, म्हणून तिथं गोळ्या टिकल्या असतील आणि मधल्या रानातल्या नांगराने इकडे-तिकडे झाल्या असतील. रेषा बंदुकवाल्यांची की नांगराची, हे चार ठिपक्यांवरून कळत नाही. खोलीवरही भिस्त नको; काळं रान उन्हाळ्यात हातहात भेगाळतं, वरची वस्तू भेगेतून खाली जाते, पावसात माती फुगून वर येते.

पोलादी_जालना
आणि एक विचारतो. मामांनी रानात तळ्याचा गाळ टाकलाय का? आमच्याकडे गाळमुक्त धरण योजनेत ज्याने-त्याने ट्रॉल्या भरभरून नेला. गाळ दुसऱ्या शिवारातला असेल तर गोळीही दुसऱ्या शिवारातली.

केळणाकाठ
हे वाचून पोटात गोळा आला. लगेच मामाला फोन लावला. टाकलाय. चाळीस ट्रॉल्या. पण फक्त खालच्या दोन एकरांत, विहिरीपासून नदीकडे. वरच्या बांधाला एकही नाही.

म्हणजे पाणंदीच्या कडेच्या चार तिथल्याच. विहिरीजवळची एक संशयात. आंबा वरच्या अंगाला, म्हणून पेढ्यासारखी चपटी शाबूत. आणि डब्यातल्या त्या सात? त्या वरच्या की खालच्या, म्हणजे मामाच्या की तळ्याच्या, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. डब्यावर चिठ्ठी लावली: "जागा माहीत नाही."

नळदुर्गची_लेक
माझंही सांगून टाकते. आत्या म्हणाली, नळ्या आजोबांना नाही, पणजीला सापडल्या. बोरी नदीवर धुणं धुताना, पुलाच्या खालच्या अंगाला, पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन महिन्यांनी. आजोबांनी फक्त पेन केला. आत्याचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलंय.

कोर्टकचेरी
अर्जाचं काय झालं ते सांगितलं नाहीत.

केळणाकाठ
गेलो होतो तालुक्याला. अर्ज, गावाचा नकाशा, सातबारा, फोटो, आणि पुरावा म्हणून एक गोळी पिशवीत. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी विषय वाचला, चष्मा वर केला आणि हळू आवाजात विचारलं, "किती तोळं?"

म्हटलं, "अडीच तोळे. शिशाचं."

त्यांनी पिशवी उचलून तळहातावर दोनदा झेलली. मग शेजारच्याला दाखवली. त्याने पुढच्याला. दहा मिनिटांत ती ऑफिसभर फिरून आली. एका शिपायाने सांगितलं की त्याच्या वडिलांच्या वावरातही असल्या निघायच्या, ते गोफणीला वापरायचे. असं काही कोणत्या फायलीला लावायचं हे कुणालाच ठरवता येईना. शेवटी आवक शिक्का मारून दिला आणि वर पाठवतो म्हणाले.

कोर्टकचेरी
शिक्क्याची प्रत घेतलीत ना? आवक क्रमांक?

केळणाकाठ
घेतली. लॅमिनेट करून दुकानात लावलीय. आणि त्या शिपायाच्या वडिलांचं गाव, गट नंबर विचारून आलोय. म्हातारा अजून आहे. रविवारी जातो.